आधी वाचक, मग ब्लॉग: आठवीचा वर्ग लिहिता कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला मराठी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेच्या वर्गात 42 मुलं आहेत. निबंध म्हटलं की निम्मी वही गाईडमधून उतरवलेली असते. संगणक कक्षात चालू अवस्थेतली 12 यंत्रं आहेत आणि आठवड्याला 35 मिनिटांचे दोन तास मिळू शकतात. वर्गाचा ब्लॉग काढला तर मुलं आपणहून लिहायला लागतील का, आणि काढायचा तर कसा?

नुसता ब्लॉग काढल्याने लागणार नाहीत. पहिले दोन आठवडे लिहितील, कारण आपलं लिखाण पडद्यावर छापल्यासारखं दिसण्याचं अप्रूप असतं. तिसऱ्या आठवड्यात ते विरतं. पुढे मूल लिहीत राहतं ते कुणीतरी वाचलं आणि वाचून काही विचारलं म्हणून. निबंधाच्या वहीला वाचक एकच, तोही हातात लाल पेन घेतलेला. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधात सृष्टी हिरवा शालू नेसणार हे त्याला पान उलटण्याआधीच माहीत असतं आणि मुलालाही ते माहीत असतं. मग ते गाईडमधून उतरवतं. यात आळस थोडा, व्यवहार जास्त. म्हणून ब्लॉगचा पत्ता घेण्याआधी वाचक कुठून आणायचे ते ठरवा. बाकीची सगळी मांडणी त्यावरून ठरते.

सुरुवात भिंतीवर करा. शाळेत भित्तिपत्रक आणि हस्तलिखित या गोष्टी नव्या नाहीत. फक्त एक बदल करायचा. प्रत्येक लेखाच्या खाली एक कोरा कागद टाचायचा आणि त्यावर इतरांनी प्रतिक्रिया लिहायच्या. तीन आठवडे एवढंच चालू द्या. या काळात मुलं प्रतिक्रिया लिहायला शिकतात, कुणाच्या लेखाकडे कुणीच फिरकत नाही हे तुम्हाला दिसतं, आणि टवाळी कोण करतं तेही कळतं. भिंतीवर जे जमलं नाही ते पडद्यावर जमत नाही. उलट चव्हाट्यावर येतं.

प्रतिक्रिया हा या सगळ्या कामाचा कणा आहे आणि नेमका तोच शिकवायचा राहून जातो. न शिकवता लिहायला सांगितलं तर 42 पैकी 40 जण ‘छान’, ‘मस्त’, ‘खूप सुंदर लिहिलं आहेस’ एवढंच लिहितात. लिहिणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही. दोन अटी घाला. लेखातले नेमके शब्द उचलून ते का लक्षात राहिले हे सांगायचं, आणि ज्याचं उत्तर फक्त लिहिणाऱ्यालाच देता येईल असा एक प्रश्न विचारायचा. समजा कुणी मंडईवर लिहिलंय. तर ‘जुडीवर पाणी मारून भाजी ताजी दाखवतात हे वाचून हसू आलं. पण रात्री उरलेल्या मेथीचं ते काय करतात, तू विचारलंस का?’ ही प्रतिक्रिया झाली. आता लिहिणाऱ्याला पुन्हा मंडईत जावं लागतं. परत येऊन त्याने उत्तर द्यायचं आणि जमलं तर ते लेखातच घालायचं. ‘पुनर्लेखन करा’ असं शंभरदा सांगून जे होत नाही ते असं एका प्रश्नाने होतं.

आता हिशेब. प्रत्येक मुलाने दर आठवड्याला लिहायचं असं ठरवलंत तर आठवड्याला 42 लेख होतात. ते कुणीच वाचत नाही, तुम्हीही नाही. सात-सात मुलांचे सहा गट करा. एका आठवड्यात दोन गट लिहितील, दोन गट त्यांचे कच्चे खर्डे तपासतील आणि दोन गट आदल्या आठवड्यात तयार झालेल्या लेखांवर प्रतिक्रिया देतील. लिहिणं, मग तपासणं, मग प्रतिक्रिया या क्रमाने पाळी फिरवा. अशा फिरण्यात लेख तपासणारा गटच पुढच्या आठवड्यात त्याच लेखांवर प्रतिक्रिया द्यायला येतो. म्हणून एक नियम हवा: ज्याने जो खर्डा तपासला त्याने तो सोडून दुसरा लेख घ्यायचा. आठवड्याला 14 लेख, प्रत्येकी 120 ते 200 शब्द. एकेकाला सहा-सात मिनिटं धरली तर तुमचा दीड तास जातो, आणि तो तुम्हाला नियमित काढता आला पाहिजे. नसेल तर गट लहान करा, पण पाळी चुकवू नका. जुलैच्या मध्यापासून प्रथम सत्र परीक्षेपर्यंत जेमतेम बारा आठवडे हाती लागतात. म्हणजे प्रत्येकाचे चार लेख. चार पुरेसे आहेत.

हे 14 लेख एकाच दिवशी चढवायची चूक बहुतेक ठिकाणी होते. वरचे तीन वाचले जातात, खालचे अकरा बुडतात. सोमवार ते शनिवार रोज दोन-तीन असे सोडा. कोणाचा कधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर ‘बाई हुशार मुलांचे आधी लावतात’ हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

विषयांकडे सावकाश वळा, इथे खरी मेख आहे. ‘मी पंतप्रधान झालो तर’ किंवा ‘आरसा नसता तर’ असे विषय दिलेत तर गाईडच ब्लॉगवर येईल. आता तर सांगितल्याबरोबर असा निबंध लिहून देणारं यंत्रही घरोघरी फोनमध्ये आहे. नक्कल पकडत बसण्यापेक्षा विषयच असा द्या की माहिती दुसऱ्या कुणाकडे नसावी. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो; त्या दिवशी तुमच्या घरचं माणूस कामावर कुठून गेलं, किती वेळ जास्त लागला? मंडईत सकाळी सातला आणि रात्री आठला एकाच भाजीचा भाव काय होता? शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत दोन्ही पालख्या पुण्यात येतात, तुकोबांची नाना पेठेत आणि ज्ञानोबांची भवानी पेठेत मुक्कामाला. त्या भागातल्या मुलांच्या वाड्यात किंवा सोसायटीत वारकरी उतरतात. त्यांच्यातल्या एकाशी दहा मिनिटं बोलून लिहायचं: गाव कोणतं, पिशवीत काय काय होतं, पायाला काय लावलं होतं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पुण्यात असलेली आणि ते आठवणारी माणसं आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. ज्यांच्या घरात किंवा शेजारी असं कुणी आहे त्यांनी एकच प्रश्न विचारायचा: घर सोडताना हातात काय घेतलं होतं? सबंध पुराची हकिगत मागितली की पुन्हा निबंध होतो. एका वस्तूपाशी थांबलं की लेख होतो.

प्रत्येक लेखात डोळ्यांनी पाहिलेले किंवा कानांनी ऐकलेले तीन तपशील हवेत आणि ते वहीत तारखेनिशी टिपलेले हवेत, एवढी अट पुरते. हे टिपण नसेल तर तो लेख टंकायला घ्यायचाच नाही.

मथळ्यासाठी पुण्यात वेगळा धडा लागत नाही. मुलांना आपापल्या भागातली एक पाटी जशीच्या तशी उतरवून आणायला सांगा. मोजके शब्द, वाचणारा नेमका कोण याची पक्की जाण, आणि थोडा खवचटपणा. फळ्यावर अशा दहा पाट्या लिहून ‘हिच्यातला कोणता शब्द काढता येईल?’ असं विचारा. बहुतेक पाट्यांत एकही निघत नाही. त्याच कसोटीवर मग ‘माझा अविस्मरणीय अनुभव’ हा मथळा ठेवून बघा.

तपासणाऱ्या गटाला तीनच कामं द्या. पहिला परिच्छेद हाताने झाकून वाचायचं; लेख तरीही कळत असेल तर तो परिच्छेद काढायचा. बहुतेक खर्ड्यांत तो जातोच. दुसरं, वाचताना जिथे अडखळलो तिथे समासात प्रश्नचिन्ह करायचं, दुरुस्ती करायची नाही. तिसरं, शुद्धलेखन, पण एका वेळी एकच नियम. एका आठवड्यात शेवटची इ-उ दीर्घ: पाटी, वस्तू. पुढच्या आठवड्यात फूल पण फुलाला, मीठ पण मिठाला. नंतर ‘केले’ आणि ‘केलं’ यांतलं काहीही चालेल, पण एका लेखात एकच. सगळ्या चुका एकदम दाखवल्या की पुढच्या वेळी मूल जे शब्द नक्की येतात तेवढेच वापरतं आणि लिखाण बेचव होतं.

घरच्या बोलीचं काय, हा प्रश्न येणारच. तुमच्या वर्गात सोलापूर, बीड, लातूरकडून आलेल्या घरांतली मुलं असतील. कुणाची आजी लेखात ‘व्हतं’ म्हणाली तर ‘होतं’ करायचं नाही. अवतरणचिन्हातल्या शब्दांना कुणीही हात लावायचा नाही, हा पक्का नियम. निवेदन कोणत्या भाषेत करायचं ते मुलाने ठरवावं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत प्रमाणभाषा लागते हे एकदा स्पष्ट सांगितलं की पुरे. शुद्धलेखनाची चूक दाखवणारा वाचक पुण्यात शोधावा लागत नाही, तो आपणहून येतो आणि अजून नववीतही न गेलेल्या मुलीच्या आजीच्या वाक्यात ऱ्हस्व-दीर्घ काढतो. अशा गृहस्थांना टाळू नका. त्यांना लेख प्रसिद्ध होण्याआधीच मुद्रितशोधनाला बसवा. आधी बोलावलं की तेच मदतनीस होतात.

आता टंकन. लेख कागदावर पूर्ण झाल्याशिवाय मूल यंत्रापुढे बसवू नका. सराव नसलेलं मूल देवनागरीत मिनिटाला पाचेक शब्द टंकतं, म्हणजे 150 शब्दांना अर्धा तास. तुमचा तास 35 मिनिटांचा आहे. पहिल्या तासाला लिहिणाऱ्यांपैकी सात, दुसऱ्याला उरलेले सात. मग उरलेली पाच यंत्रं प्रतिक्रिया देणाऱ्या गटांना मिळतात आणि तपासणारे मागच्या बाकांवर कागद घेऊन बसतात. कोणता कळफलक यावर वाद घालू नका. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असल्याने तो तर्काला धरून आहे आणि चार-सहा तासांत हात बसायला लागतो. पण जे मूल फोनवर रोमन अक्षरांतून मराठी टंकतं त्याला तसंच टंकू द्या. बोलून टंकण्याची सोय लिहायला कचरणाऱ्या मुलांना फार उपयोगी पडते. मात्र त्यात विरामचिन्हं बहुधा येत नाहीत आणि यंत्राला बोलीतले शब्द न कळल्याने ते भलतेच शब्द घालतं. म्हणून मोठ्याने वाचून दुरुस्त केल्याशिवाय तो मजकूर घेऊ नये.

एक बारकी गोष्ट लवकर शिकवा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत एक गुरू आहेत आणि दुसरे स्वयंपाकी. दुसरा शब्द टंकताना साधा र चालत नाही, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त आणि मग य जोडावा लागतो. इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट धरून J ही कळ दाबल्यावर मिळतो. वाऱ्यावर, दऱ्या, बिऱ्हाड, तऱ्हा हे सगळे त्यातलेच. आणि शाळेच्या कार्यालयात कुणी जुन्या श्रीलिपीत टंकून दिलेला मजकूर थेट चिकटवू नका. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत नसल्याने वाचकाला अगम्य चिन्हं दिसतील.

जागा म्हणून गूगलचं ब्लॉगर पुरे आहे. फुकट आहे आणि आपण लावल्याशिवाय जाहिराती येत नाहीत. वर्डप्रेसच्या फुकट योजनेत त्या येतात, आणि आठवीच्या लेखाखाली काय झळकेल ते आपल्या हातात नसतं. खातं शाळेचं असावं, तुमचं खासगी नको. नाहीतर तुमची बदली झाली की ब्लॉगही जातो. मुलांना खाती उघडायला लावू नका. त्यांनी टंकलेला मजकूर तुम्ही किंवा तुम्ही नेमलेल्या संपादक मुलांनी तुमच्यासमोर चढवायचा. चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, नाहीतर वर्डमधले अक्षरांचे लहानमोठे आकार तसेच येतात. प्रत्येक लेखाला मुलाच्या टोपणनावाचं लेबल लावा. त्यावर टिचकी मारली की त्या मुलाचे सगळे लेख एकत्र दिसतात, आणि चौथ्या लेखानंतर पहिला वाचताना मुलाला स्वतःलाच फरक कळतो. मथळा देवनागरीत असला की ब्लॉगर लेखाचा पत्ता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडे असा निरर्थक बनवतं. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी पत्ता रोमन अक्षरांत स्वतः लिहा. लेख एकदा बाहेर पडला की पत्ता बदलायला लेख मागे घ्यावा लागतो.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघा. प्रतिक्रिया कुणालाही देता याव्यात, खातं नसलेल्यालाही. नाहीतर आजी-आजोबा दारातूनच परततात. पण प्रत्येक प्रतिक्रिया तुम्ही मान्य केल्यावरच दिसावी. आणि शोधयंत्रांना ब्लॉग दिसू नये. पूर्ण खासगी ब्लॉग करायचा मोह होतो, पण मग प्रत्येक वाचकाला आमंत्रण पाठवून गूगल खात्याने आत यावं लागतं आणि वाचक आठ-दहावर येतात. त्यापेक्षा उघडा ब्लॉग आणि आतून ओळख पुसलेली, हे बरं.

ओळख पुसणं म्हणजे फक्त नाव न देणं नव्हे. टोपणनाव तर हवंच. कुसुमाग्रज, बालकवी ही नावं मुलांना पुस्तकातून माहीत असतात, त्यामुळे त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही. पण धोका लेखाच्या आत असतो. ‘मी रोज संध्याकाळी साडेसहाला क्लासहून एकटी टेकडीच्या रस्त्याने येते’ असं वाक्य मूल सहज लिहून जातं. वेळ, जागा आणि एकटेपणा या तीन गोष्टी एका लेखात एकत्र आल्या तर एक तरी काढायची, हे संपादक मुलांनाच शिकवा. फोटोत चेहरा, गणवेशावरचा बिल्ला, गाडीचा क्रमांक नको, आणि फोटो काढताना फोनमधली स्थानाची नोंद बंद ठेवा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येकजण बालक धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हवी असं म्हटलं आहे. त्यामुळे संमतीपत्र लेखीच घ्या. एक पान, साध्या मराठीत: काय छापणार, काय छापणार नाही, प्रतिक्रिया कोण तपासणार, लेख काढून घ्यायचा असेल तर कुणाला सांगायचं. संमती न देणाऱ्या पालकांचं मूल भिंतीवर लिहील. त्याच्या लेखाखालचा कोरा कागद तितकाच भरेल याकडे लक्ष द्या.

वाचक आता. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर दुवा टाकला की अंगठे येतात, प्रतिक्रिया येत नाहीत. म्हणून तिथेही पाळी लावा: आठवड्याला पाच पालक, प्रत्येकाला तीन लेख नेमून द्यायचे आणि प्रतिक्रियेच्या दोन अटी त्यांनाही सांगायच्या. सर्वांत उपयोगी वाचक म्हणजे दुसऱ्या गावची शाळा. पुण्यातल्या मुलाला टेकडी, पेठ, वाडा समजावून सांगावं लागत नाही, म्हणून ते सांगत नाही. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या मुलाने ‘पेठ म्हणजे बाजार का?’ असं विचारलं की तपशील आपोआप येतो. इंग्लंडमधल्या बोल्टनचे शिक्षक डेव्हिड मिचेल यांनी ‘क्वाडब्लॉगिंग’ नावाची रीत रूढ केली: चार शाळांचं चक्र, दर आठवड्याला एका शाळेच्या ब्लॉगवर उरलेल्या तिघी प्रतिक्रिया देतात. चार शाळा नाही जमल्या तर दोन पुरेत. आणखी एक वाचक विसरला जातो, तो म्हणजे ज्याच्यावर लिहिलं तो माणूस. भाजीवाल्या मावशींना लेख वाचून दाखवून त्या काय म्हणाल्या ते मुलाने स्वतः खाली लिहायचं.

ज्यांच्या घरात एकच फोन आहे आणि तो रात्री नऊला घरी येतो, त्यांच्यासाठी आठवड्याचं छापील पान काढा. एका ए-फोर कागदाच्या दोन्ही बाजूंना चार-पाच लेख मावतात. ते शाळेच्या दाराशी फलकावरही लावा.

काय बिघडतं तेही सांगायला हवं. किती जणांनी वाचलं हा आकडा मुलांना दाखवू नका. दिसला की शर्यत लागते, भुताच्या गोष्टी वाढतात आणि कुणाचा तरी मामा पान पन्नासदा उघडतो. मोठ्या गोतावळ्याच्या मुलाला वीस प्रतिक्रिया येतात आणि शेजारच्याला एकही नाही. यासाठी वहीत तक्ता ठेवा: लेख लागल्यापासून तीन दिवसांत किमान दोन प्रतिक्रिया नसतील तर प्रतिक्रिया गटातल्या कुणाला तरी तो लेख नेमून द्यायचा. तुमची स्वतःची प्रतिक्रिया पहिली नको. शिक्षकांनी लिहिलं की मुलं तेच वळवून लिहितात. आणि लेखांना गुण देऊ नका. आकारिक मूल्यमापनात नोंद करायचीच असेल तर पाळी पाळली का, प्रश्नाला उत्तर दिलं का, खर्डा आणि अंतिम लेख यांत बदल केला का, एवढ्याचीच करा. गुण आले की लाल पेनवाला एकमेव वाचक परत आला.

दिवाळीनंतर ब्लॉग ओस पडतात, कारण सगळा भार एका शिक्षकावर असतो आणि शेवट कधी हे कुणी ठरवलेलं नसतं. म्हणून बारा आठवड्यांचा हंगाम आधीच जाहीर करा, परीक्षेच्या आठवड्यात ‘ब्लॉग बंद आहे’ अशी पाटी लावा, आणि दुसरा हंगाम घ्यायचा की नाही ते मुलांवर सोडा. हंगाम संपला की प्रतिक्रिया बंद करा, ब्लॉगरच्या सेटिंगमधून सगळ्या मजकुराची प्रत उतरवून शाळेच्या संगणकावर ठेवा, आणि लेखांच्या छापील प्रती स्पायरल बांधून ग्रंथालयात द्या. ज्या पालकांनी मध्येच संमती मागे घेतली असेल त्यांच्या मुलांचे लेख या प्रतीतूनही काढायचे असतात. ते बांधणीला देण्याआधी तपासा.